मंडळी नावाची नवरी

बायबलचा शेवट लग्नानं होतो. ‘प्रकटीकरण’ हे त्यातलं शेवटचं पुस्तक. युद्ध, दुष्काळ, रोगराई, कोसळलेली बाबेल असं सगळं होऊन गेल्यावर त्याच्या एकोणिसाव्या अध्यायात स्वर्गातून आवाज येतो, की कोकऱ्याच्या लग्नाची घटका आली आणि नवरी नटून तयार आहे. कोकरा म्हणजे वधस्तंभावर मारला गेलेला आणि पुन्हा उठलेला येशू ख्रिस्त. जगाचा निकाल शेवटी न्यायासनापुढे लागणार, ही कल्पना इतर धर्मांतही आढळते. पण निकालानंतर मांडव पडणार, पंगत बसणार आणि ज्यांनी विश्वास ठेवला ते त्या लग्नात स्वतःच नवरी असणार, ही कल्पना ख्रिस्ती धर्मानं जितकी मध्यभागी आणून ठेवली, तितकी फार कुणी ठेवलेली नाही.

भारतीय वाचकाला ती परकी वाटणार नाही. तमिळ आंडाळनं विष्णूशी लागलेल्या आपल्या लग्नाचं स्वप्न सांगितलं. कन्नड अक्कमहादेवीनं चेन्नमल्लिकार्जुनाला नवरा मानलं आणि माणसांतल्या नवऱ्यांना नाकारलं. मीरेची गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. त्यामुळे ख्रिस्ती कल्पना कानावर आली की आपण तिला चटकन याच फडताळात ठेवून देतो: जीव नवरी, देव नवरा. मला वाटतं, इथे जरा घाई होते. बायबलच्या शेवटी उभी असलेली नवरी ही एक बाई नाही, एक जीवही नाही. ती अनेक माणसांची मिळून झालेली आहे. हा फरक वरवर व्याकरणाचा, एकवचन-अनेकवचनाचा वाटतो. पण त्याच्या पोटात नीतीचा एक प्रश्न आहे. देवाशी जडलेल्या प्रेमात ‘मी आत पोचलो’ एवढं पुरेसं असतं का? आणि नसेल, तर दाराबाहेर राहिलेल्यांचं आतल्यांना काय वाटायला हवं?

या रूपकाची मुळं ख्रिस्ताच्या कितीतरी आधीची आहेत. इस्राएलच्या संदेष्ट्यांनी देव आणि लोक यांच्यातला करार लग्नासारखा मानला. इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकातला होशेय हा त्यांतला ठळक. गोमेर नावाच्या, एकनिष्ठ न राहणाऱ्या बाईशी त्यानं देवाच्या सांगण्यावरून लग्न केलं आणि त्या घरातल्या दुःखातून तो देवाचं दुःख बोलू लागला. त्याच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होतं. आधी नवरा धमकावतो: मी तिला उघडी करीन, तिच्या वाटा काटेरी कुंपणानं अडवीन. आणि मग त्याच अध्यायात त्याचा सूर पालटतो. मी तिला रानात नेईन, तिच्या मनाशी बोलेन, म्हणतो. त्या दिवशी ती मला ‘माझा धनी’ म्हणणार नाही, ‘माझा माणूस’ म्हणेल, असंही म्हणतो.

हिब्रूत इथे दोन शब्द आहेत. एक ‘बाल’, म्हणजे मालक, धनी आणि म्हणून नवरा. शिवाय ते शेजारच्या कनानी देवाचंही नाव. दुसरा ‘ईश’, म्हणजे पुरुष, माणूस आणि म्हणून नवरा. मराठी अनुवादकाला अशा ठिकाणी फार शोधाशोध करावी लागत नाही. नवऱ्याला ‘धनी’ आणि ‘मालक’ म्हणणाऱ्या बायका आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होत्या, अजूनही आहेत. ‘पती’ हा शब्दसुद्धा मुळात स्वामीच. आणि ‘माझा माणूस’ म्हणजे काय, हेही मराठीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. होशेयनं देवाच्या तोंडी घातलेली ही इच्छा मला सबंध रूपकाची गुरुकिल्ली वाटते. देवाला नवरा म्हणण्यात धोका आहे, हे त्याला कळलेलं आहे. आपण लग्नातून कोणती गोष्ट उचलून देवापर्यंत नेतो, मालकी की जिव्हाळा, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

सगळ्याच संदेष्ट्यांनी ही काळजी घेतली नाही. यहेज्केलच्या सोळाव्या अध्यायात यरुशलेम ही उघड्यावर टाकलेली पोर आहे. देव तिला वाढवतो, नटवतो, तिच्याशी लग्न करतो आणि ती बहकल्यावर तिची भर चौकात विटंबना होऊ देतो. हा अध्याय सभास्थानात वाचू नये, असं रब्बी एलीएझर यांचं मत मिश्नात नोंदलेलं आहे. त्यांची कारणं त्यांची असोत. आजच्या वाचकाला, विशेषतः घरातली मारहाण पाहिलेल्या बाईला, तो अध्याय वाचताना धर्मग्रंथ ऐकू येत नाही, शेजारच्या खोलीतला आवाज ऐकू येतो. रूपक कधी एकटं येत नाही. लग्न उचललं की लग्नातली सत्ता, संशय, अब्रू हे सगळं वऱ्हाड त्याच्या मागून येतं.

ज्यू लग्नाची एक रीत इथे सांगायला हवी. प्राचीन काळी ते दोन टप्प्यांत होई. पहिल्या टप्प्यात करार होई आणि तेव्हापासून मुलगी कायद्यानं त्याची बायको असे. पण ती माहेरीच राही. बराच काळ गेल्यावर दुसरा सोहळा होई आणि मग ती त्याच्या घरी जाई. पौल करिंथच्या विश्वासणाऱ्यांना लिहितो, की मी तुमचं एका वराशी वाग्दान केलं आहे, ते या पहिल्या टप्प्याच्या अर्थानं. ख्रिस्ती माणूस स्वतःला या दोन टप्प्यांच्या मध्ये उभा असलेला समजतो. बालविवाहाच्या काळातल्या आपल्या पणजीच्या भाषेत सांगायचं तर लग्न लागलं आहे, नांदायला जायचं राहिलं आहे. ‘नांदणं’ या शब्दाकडे शेवटी पुन्हा यावं लागेल.

आता शुभवर्तमानांकडे पाहिलं तर एक विचित्र गोष्ट दिसते. येशू स्वतःला वर म्हणवतो. तुझे शिष्य उपास का करत नाहीत, असं विचारल्यावर तो म्हणतो की वर सोबत असताना वऱ्हाडानं उपास कसा करायचा? बाप्तिस्मा करणारा योहान स्वतःला वराचा मित्र म्हणवतो. काना गावच्या लग्नात येशू पाण्याचा द्राक्षारस करतो. राजाच्या मुलाच्या लग्नाची मेजवानी आहे, वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारी आहेत. या सगळ्या लग्नांत नवरी कुठेच समोर येत नाही. कानाच्या गोष्टीत चाकर, पाण्याचे रांजण, मेजवानीचा कारभारी, सगळे आहेत. नवरीचा उल्लेख नाही. मत्तयाच्या दोन्ही दाखल्यांत माणसं पाहुणे आहेत किंवा करवल्या आहेत. जणू लग्नाची पत्रिका छापली आहे, वराचं नाव आहे आणि वधूच्या नावाची जागा कोरी सोडली आहे.

ती कोरी जागा भरण्याचं काम पुढच्या ख्रिस्ती परंपरेनं केलं, आणि दोन नावांनी केलं. तिसऱ्या शतकात ओरिगेननं ‘गीतरत्न’ या प्रेमकाव्यावर भाष्य लिहिलं. त्यात नवरी म्हणजे कधी ख्रिस्ताचा समुदाय, तर कधी एकेक जीव. ज्यू परंपरेत रब्बी अकिबा यांनी या काव्याला पवित्रांतलं परमपवित्र म्हटलं होतं. तिथे नवरी होती इस्राएल, म्हणजे पुन्हा समुदायच. ओरिगेननं शेजारी जीवाला बसवलं आणि मध्ययुगात हळूहळू जीवच मुख्य पाटावर आला. क्लेअरव्हॉचा बर्नार्ड ११३५ पासून ११५३ मध्ये मरेपर्यंत गीतरत्नावर प्रवचनं देत राहिला. ८६ प्रवचनं झाली आणि तो तिसऱ्या अध्यायाच्या तोंडापर्यंतच पोचला. ऐकायला बसलेले सगळे पुरुष, मठातले साधू. आणि प्रत्येकानं स्वतःला नवरी समजायचं. लॅटिनमध्ये जीवाला ‘आनिमा’ म्हणतात आणि तो शब्द स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे त्यांना ते सोपं गेलं असेल. मराठीत ‘आत्मा’ पुल्लिंगी, ‘जीव’ही पुल्लिंगी. आत्म्याला शालू नेसवताना आपली भाषा अडखळते.

या एकवचनी वाचनानं फार मोठं काम केलं, हे आधी मान्य करायला हवं, आणि तेही बायकांसाठी. सिएनाची कॅथरिन (१३४७–१३८०) हिच्या घरच्यांनी लग्नाचा आग्रह धरला तेव्हा तिनं आपले केस कापून टाकले. ख्रिस्ताची नवरी होणं म्हणजे तिच्यासाठी बापानं ठरवलेलं लग्न नाकारण्याचा एकमेव मान्य मार्ग होता. लग्नाचं रूपक तिनं लग्नाविरुद्ध वापरलं. अक्कमहादेवीच्या जवळ जाणारी ही गोष्ट आहे. आव्हिलाच्या तेरेसानं (१५१५–१५८२) गीतरत्नावर चिंतन लिहिलं. बाईनं असलं लिहू नये म्हणून तिच्या धर्मगुरूनं ते जाळायला लावलं; सुदैवानं नकला उरल्या.

पण एकवचनाचे धोकेही लवकर दिसले. ३८४ साली जेरोमनं रोममधल्या युस्तोकियम या तरुणीला ब्रह्मचर्याच्या थोरवीबद्दल लांबलचक पत्र लिहिलं. तू ख्रिस्ताची नवरी झालीस तेव्हा तुझी आई देवाची सासू झाली, असं त्यानं त्यात म्हटलं आहे. वाचून हसू येतं, पण जेरोम थट्टा करत नव्हता. नातं एकदा खासगी झालं की त्याला सोयरीकही खासगी लागते, मानपानही लागतात. कोण देवाच्या किती जवळचं, कुणाचं कौमार्य शाबूत, कुणाची अंगठी खरी, याची मोजदाद सुरू होते. लग्न झालेली साधी बाई, पोरंबाळं सांभाळणारी, या हिशोबात खालच्या पायरीवर जाते.

तेरेसाला हे कळलं असावं. १५७७ साली लिहिलेल्या ‘अंतरीचा किल्ला’ या पुस्तकात ती जीवाला सात दालनांतून नेते. सातव्यात देवाशी लग्न लागतं. तिथे गेल्यावर समाधी लागेल, दृष्टांत होतील अशी वाचकाची अपेक्षा असते. तेरेसा सांगते, की या लग्नाचा उपयोग एकच, त्यातून कामं निपजली पाहिजेत. मार्था आणि मरिया या दोघी बहिणी, एक स्वयंपाकघरात राबणारी आणि दुसरी पायाशी बसून ऐकणारी; तेरेसाच्या मते दोघींनी मिळूनच प्रभूचं आतिथ्य करायचं असतं. सर्वांत आतल्या दालनातून तिनं एक दार परत बाहेर, स्वयंपाकघराकडे काढलं.

मार्टिन लूथरनं १५२० मध्ये या रूपकातली वेगळीच वस्तू उचलली: सामाईक मालमत्ता. लग्न लागलं की दोघांचं सगळं दोघांचं. जीवाकडे काय होतं? पाप, मरण, शिक्षा. ते सगळं ख्रिस्ताच्या खात्यावर गेलं. ख्रिस्ताकडे कृपा होती, जीवन होतं. ते जीवाच्या नावावर झालं. हुंडा मागणाऱ्या समाजातल्या माणसाला हा हिशोब चक्रावून टाकतो. इथे नवरी फक्त कर्ज घेऊन आली आहे आणि नवरा ते फेडूनच बोहल्यावर चढला आहे. पाच वर्षांनी लूथरनं स्वतः लग्न केलं, तेही कातारिना फॉन बोरा या मठ सोडून आलेल्या जोगिणीशी, म्हणजे जी आधीच ‘ख्रिस्ताची नवरी’ होती तिच्याशी. त्याच्या विरोधकांना यात महापातक दिसलं. मला त्यात मार्थेचं स्वयंपाकघर पुन्हा मानाला चढलेलं दिसतं.

तरी मुख्य आक्षेप उरतोच, आणि तो उलट्या वाहतुकीचा आहे. लग्नावरून देव समजून घ्यायला निघालेलं रूपक परत फिरतं आणि देवावरून लग्न कसं असावं ते सांगू लागतं. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात ख्रिस्त आणि मंडळी यांच्यासारखे नवरा-बायको असावेत, बायकांनी नवऱ्यांच्या अधीन असावं, असं सांगितलं आहे. शतकानुशतकं हे वाक्य लग्नाच्या वेदीसमोर वाचलं गेलं आणि अनेक घरांत बाईला गप्प करायला वापरलं गेलं. नवरा ख्रिस्ताच्या जागी बसला की त्याला प्रश्न कसा विचारायचा? अनुवादकाच्या नजरेला मात्र मूळ ग्रीकमध्ये एक बारीक गोष्ट दिसते. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत बायकांना उद्देशून असलेल्या त्या वाक्याला स्वतःचं क्रियापदच नाही. ते आधीच्या वाक्यातून उसनं येतं, आणि आधीचं वाक्य सगळ्यांना उद्देशून आहे: एकमेकांच्या अधीन व्हा. बऱ्याच आवृत्त्या नेमक्या तिथेच परिच्छेद तोडतात, मध्ये मथळा घालतात. क्रियापद एका खोलीत राहतं आणि बाई दुसऱ्या. पुढे नवऱ्याला सांगितलेलं आहे, की ख्रिस्तानं मंडळीसाठी जीव दिला तसं प्रेम कर. म्हणजे ख्रिस्ताच्या जागी बसायचं असेल तर ती जागा वधस्तंभाची आहे. मला यानं सगळा आक्षेप मिटतो असं वाटत नाही. पण मालकीचं समर्थन या ओळींतून निघतं, हे म्हणणं तरी टिकत नाही.

आता त्या दहा कुमारी. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातली गोष्ट थोडक्यात अशी. दहा जणी दिवे घेऊन वराला सामोऱ्या निघाल्या. आपल्याकडे करवलीच्या हाती करा-दिवा असतो, त्यामुळे हे चित्र ओळखीचं वाटावं. पाच जणींनी जादा तेल घेतलं, पाच जणींनी नाही. वराला उशीर झाला. दहाही जणींना झोप लागली. शहाण्या पाचही झोपल्या, हे आपण विसरतो. मध्यरात्री आरोळी झाली. तेल संपलेल्यांनी थोडं तेल मागितलं. शहाण्या म्हणाल्या, दोघींना पुरणार नाही, दुकानात जा. त्या गेल्या तेवढ्यात वर आला, तयार होत्या त्या आत गेल्या आणि दार बंद झालं. मागून आलेल्यांनी दार ठोठावलं. आतून उत्तर आलं, मी तुम्हाला ओळखत नाही.

या दाखल्याचं समर्थन करता येतं. तेल म्हणजे चारित्र्य किंवा विश्वास; तो ऐन वेळी उसना देता येत नाही, ज्याचा त्यानं साठवायचा असतो. जागे राहा, एवढंच येशूला सांगायचं आहे. हे सगळं खरं. पण तेल देता येत नसलं तरी उजेड वाटता येतो. एका दिव्याच्या उजेडात दोघी चालू शकतात. ‘आमच्याबरोबर चला’ असं त्या पाच जणींपैकी एकीनंही म्हटलं नाही, हे मला बोचतं. आणि ते बोचणारी मी पहिली नाही. माग्देबुर्गच्या कथीड्रलच्या दारावर १२५० च्या सुमाराला या दहा कुमारी दगडात कोरल्या गेल्या. शहाण्या हसतात. मूर्ख ठरलेल्या कपाळ बडवतात, गाल धरून रडतात, आणि पाहणाऱ्याचे डोळे त्यांच्याकडेच पुन्हा पुन्हा जातात. शिल्पकाराची छिन्नी कुणाच्या बाजूनं होती, असा संशय यावा.

जर्मनीतल्याच आयझेनाखमध्ये १३२१ च्या सुमाराला या गोष्टीवरचं नाटक झालं. त्यात मरिया स्वतः बाहेरच्या पाच जणींसाठी आपल्या मुलाकडे गयावया करते आणि ख्रिस्त तिचंही ऐकत नाही. प्रेक्षकांत थुरिंगियाचा सत्ताधीश फ्रीडरिख होता. जुनी इतिवृत्तं सांगतात, की तो संतापून उठला. देवाच्या आईनं रडून मागितलेली दयाही मिळणार नसेल तर हा विश्वास तरी कसला, असं काहीसं म्हणाला. काही दिवस त्याचा राग गेला नाही, मग त्याला पक्षाघात झाला आणि १३२३ मध्ये तो वारला. इतिवृत्तकारांनी गोष्ट रंगवली असेल. पण त्या सरदाराचा प्रश्न रंगवलेला वाटत नाही. आतल्यांचा आनंद बाहेरच्यांच्या रडण्यावर पडदा ओढूनच टिकत असेल, तर त्या आनंदाची किंमत काय?

एकवचनी नवरीकडे या प्रश्नाला उत्तर नाही. ती वराच्या डोळ्यांत पाहते आहे; दाराकडे तिची पाठ आहे. उत्तर मिळालं तर ते अनेकवचनाकडेच मिळेल, आणि इथे मराठीनं नकळत एक मोठी गोष्ट करून ठेवली आहे. इंग्रजीत ज्याला ‘चर्च’ म्हणतात त्यासाठी मराठी प्रोटेस्टंट परंपरेनं शब्द घेतला ‘मंडळी’. ग्रीक ‘एक्लेसिया’ म्हणजे बोलावून एकत्र केलेली माणसं; त्याला हा शब्द नेमका बसतो. पण जुन्या मराठीत ‘मंडळी’चा आणखी एक अर्थ होता. ‘आमची मंडळी माहेरी गेलीय’ असं नवरा सांगायचा, ते बायकोबद्दल. नाव न घेता, आदरानं. आणि ‘लग्नाला मंडळी जमली’ म्हणजे पाहुणेरावळे, वऱ्हाड. स्त्रीलिंगी शब्द, अर्थ अनेकांचा. बायको, पाहुणे आणि जमलेला समुदाय हे तिन्ही अर्थ एका शब्दात नांदतात. शुभवर्तमानांत माणसं पाहुणी आणि प्रकटीकरणात नवरी, हे कसं, असा प्रश्न ग्रीकच्या वाचकाला पडतो. ‘कोकऱ्याची मंडळी’ असं म्हणणाऱ्या मराठी वाचकाला तो पडायला नको.

या शब्दामागं एक इतिहासही उभा आहे. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबलचा मुळावरून मराठी अनुवाद केला, साध्या शिकलेल्या बायकांना वाचता यावा अशा मराठीत. तो केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापला गेला. खिळे जुळवणाऱ्या आश्रमातल्याच बायका-मुली होत्या. पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये, रमाबाई गेल्यानंतर, बाहेर आला. रमाबाई १८८२ मध्येच विधवा झाल्या होत्या. मुक्तीतही विधवा होत्या, दुष्काळातून आलेल्या पोरक्या मुली होत्या, टाकलेल्या बायका होत्या. त्या काळच्या महाराष्ट्रात विधवेची सावली लग्नघरावर पडू देत नसत. मंगलाष्टकं चालू असताना ती आत, अंधाऱ्या खोलीत. अशा बायकांनी एकेक खिळा उचलून कोकऱ्याच्या लग्नाचं निमंत्रण जुळवलं. त्यांना त्या वेळी काय वाटलं, याचा तर्क मी करणार नाही. पण ज्यांना दाराबाहेर ठेवलं होतं त्यांच्या हातून ती पत्रिका मराठीत आली, एवढं खरं आहे. या लग्नाचा अर्थ ठरवताना ते विसरता येत नाही.

नवरीच्या वस्त्राबद्दल प्रकटीकरण जे सांगतं ते याच्याशी जुळतं. तिचं तलम, शुभ्र वस्त्र तिला दिलेलं आहे, आणि ते वस्त्र म्हणजे पवित्र जनांची नीतीची कृत्यं. म्हणजे एकाच बाईच्या अंगावरचं वस्त्र, पण विणणारे हात असंख्य. कुणी भुकेल्याला वाढलं, कुणी कैद्याला भेटायला गेलं, कुणी खिळे जुळवले. यात कुणालाही ‘माझा शालू’ म्हणता येणार नाही. माझ्या वाट्याचा धागा दुसऱ्याच्या धाग्यावाचून धागाही राहत नाही, नुसता सुटा तंतू होतो.

योहान सेबास्तियान बाखचा दहा कुमारींवरचा कँटाटा २५ नोव्हेंबर १७३१ रोजी लाइपझिगमध्ये पहिल्यांदा गायला गेला. त्याचा आधार असलेलं स्तोत्र फिलिप निकोलाय या पाळकानं लिहिलं आणि १५९९ मध्ये छापलं. त्याच्या गावानं त्याआधी प्लेगच्या साथीत असंख्य माणसं पुरली होती. कँटाटात जीव आणि ख्रिस्त यांची दोन युगुलगीतं आहेत, अगदी प्रेमिकांची म्हणावीत अशी. पण बाखनं ती मध्ये ठेवली आहेत. सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी निकोलायच्या स्तोत्राची तीन कडवी आहेत, सगळ्या मंडळीच्या तोंडी असलेली. एकाचं प्रेम आहे, ते नाकारलेलं नाही. फक्त त्याला अनेकांच्या घरात जागा दिली आहे. मेलेल्यांची नावं ज्यांना आठवत होती अशा माणसांसाठी ते स्तोत्र लिहिलेलं होतं. त्यांना एकट्यानं स्वर्गात जायचं नव्हतं.

आणि आता प्रकटीकरणाचं शेवटून दुसरं पान. देवदूत योहानाला म्हणतो, ये, तुला नवरी दाखवतो. तो त्याला उंच डोंगरावर नेतो आणि दाखवतो एक शहर. रूपकाच्या दृष्टीनं हा मोठाच घोटाळा आहे. नवरी पाहायला गेलेल्या माणसाला तट, पाया, बारा वेशी, रस्ते, नदी यांचं वर्णन ऐकावं लागतं. पण मराठीत ‘नांदणं’ हा शब्द ठाऊक असलेल्याला यात घोटाळा वाटणार नाही. सून नांदते, तसं गावही नांदतं. ‘नांदतं घर’ म्हणतो, ‘गाव सुखानं नांदू लागलं’ही म्हणतो. एकत्र राहणं निभावणं, हा दोन्हीतला अर्थ. आणखी एक गंमत आहे. हे शहर वर जात नाही, स्वर्गातून खाली उतरतं, आणि देव माणसांत येऊन वस्ती करतो. सून सासरी गेली नाही. देवच माणसांच्या गावी नांदायला आला. आपल्याकडे अशा जावयाची चेष्टा करतात. पण ज्यानं मालकी सोडून ‘माझा माणूस’ एवढंच म्हणवून घ्यायचं ठरवलं होतं, त्यानं याहून वेगळं काय करावं?

त्या शहराच्या वेशी दिवसा कधीच बंद होत नाहीत आणि तिथे रात्र नसतेच. मत्तयाचं बंद दार मध्यरात्रीचं होतं. ही दोन चित्रं शेजारी ठेवून मी कुठलाही निकाल देऊ शकत नाही. त्याच अध्यायांत अपवित्र काही आत येणार नाही, काही जण बाहेर राहतील, असंही लिहिलं आहे. ग्रंथानं ताण तसाच ठेवला आहे आणि तो पुसून टाकणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. दुसऱ्याला हालहाल करून मारणाऱ्यानं तसंच हसत पंगतीला बसावं, असं त्याच्या हातून मेलेल्यांसमोर म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण दार कुणी बंद करायचं, याबद्दल ग्रंथ स्पष्ट आहे. ते काम नवरीचं नाही.

सबंध प्रकटीकरणात नवरी एकदाच बोलते. शेवटच्या अध्यायात, आत्म्याबरोबर. तिच्या तोंडी एकच शब्द आहे: ये. तो वराला उद्देशून आहे की बाहेरच्या जगाला, यावर भाष्यकारांत मतभेद आहेत. दोन्ही असू शकेल, कारण लगेच पुढे ऐकणाऱ्यानंही ‘ये’ म्हणावं आणि तहानेल्यानं यावं, असं म्हटलं आहे. ज्या नवरीची जागा शुभवर्तमानांत कोरी होती, तिला तोंड फुटलं ते हा शब्द म्हणायला. त्या पाच करवल्यांना जो शब्द मध्यरात्री सुचला नव्हता, तो हाच.